नॅरोगेजचं स्टेशन आठ फुटी फळीवर: कुणी केलंय का असलं काही?

फलाटावरचा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय 52, पुण्यात टू बीएचके. मुलगी शिकायला बाहेर गेली त्यामुळे तिच्या खोलीतली एक भिंत रिकामी झालीय (कपाट नाही, भिंत. कपाटाबद्दल बोलणी सुरू आहेत). तिथे आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद फळी बसते. खूप वर्षांपासून डोक्यात आहे की मिरज-पंढरपूर नॅरोगेजवरचं एखादं स्टेशन मॉडेलमध्ये उभं करायचं, चालत्या गाडीसकट. माझं आजोळ ढालगावच्या बाजूला. मे महिन्यात मिरजेला यायचं, मग ती बुटकी गाडी पकडायची आणि आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ करत करत डुलत जायचं. दशम्या मिरज सुटायच्या आतच संपलेल्या असायच्या. उतरलं की एक कडुनिंब, त्याच्या बुडाशी रांजण, शेजारी सिमेंटचा बाक, आणि बाकावर मामा.

मागच्या वर्षी मुद्दाम जाऊन आलो. ब्रॉडगेज झालंय हे माहीत होतंच की, बातम्यांत वाचलेलं. पण डोळ्यांनी बघितल्यावर जरा हललो. वर विजेच्या तारा, लांबच लांब फलाट, आणि मला तर कुठे उभं राहायचं तेच कळेना. पंधरा मिनिटं इकडेतिकडे करून परत फिरलो.

तर प्रश्न असे की एक म्हणजे कुठल्या स्केलमध्ये करू, दुसरं म्हणजे छोटं स्टेशन करू की सरळ मिरज जंक्शनच करू (तेव्हा तिथे तिन्ही गेज होते, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची तिन्ही मापं!), आणि तिसरं, या वयात हे सुरू करणं शहाणपणाचं आहे का. तिसऱ्याचं उत्तर बायकोने दिलेलं आहे, ते सोडून सांगा.

खटपट्या
रुमाल टाकतोय. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

बोरिवली_स्लो
वा! फोटो कुठायत?

फलाटावरचा
@बोरिवली_स्लो अहो अजून फळीच आलेली नाही, फोटो कशाचा टाकू?

बोरिवली_स्लो
भिंतीचा टाका.

मिरजकर
तिन्ही गेज म्हणालात आणि काळजाला हात घातलात. 1971 ला पुण्याकडची लाइन ब्रॉडगेज झाली, बेळगाव-लोंढ्याकडची मीटरगेज राहिली आणि पंढरपूरची नॅरोगेज होतीच, त्यामुळे पुढची वीसेक वर्षं आमच्या मिरजेत तिन्ही मापांच्या गाड्या एकाच जंक्शनात. लहानपणी आम्हाला वाटायचं सगळीकडे असंच असतं. पुण्याला कॉलेजला आलो तेव्हा एकच रूळ बघून म्हटलं बाकीचे कुठे गेले.

माझं मत मिरज करा. सतारी घेऊन चढणारे लोक दाखवा, इस्पितळात आलेले पेशंट आणि त्यांच्याबरोबरची दहा माणसं दाखवा, उरुसाची गर्दी दाखवा. छोटं स्टेशन कुणीही करेल.

खटपट्या
आलो. मी गेली नऊ वर्षं हा उद्योग करतोय (ब्रॉडगेज, कल्याणच्या फ्लॅटमध्ये, आधी बाल्कनीत होता, कबुतरांनी दोन सिग्नल आणि एक गार्ड पळवल्यावर आत आणला), तेव्हा हक्काने सांगतो.

मिरजकर साहेबांचं ऐकू नका. आधी हिशोब करा. एचओ स्केल म्हणजे 1:87, खऱ्याच्या 87 पट लहान. तुमची आठ फुटी फळी म्हणजे 244 सेंटिमीटर, त्याला 87 ने गुणा, खरे साधारण 212 मीटर झाले. आता हल्लीचा एलएचबी (नव्या पद्धतीचा) डबा साडेतेवीस मीटरचा, मॉडेलमध्ये 27 सेंटिमीटर. 24 डब्यांची गाडी उभी करायची तर नुसती गाडीच साडेसहा मीटर. तुमची भिंत फोडून शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये जाईल. जुनी गाडी, कमी डबे, सगळं धरलं तरी मिरज जंक्शन आठ फुटांत बसत नाही, बसवलंत तर ते मिरज राहत नाही, मिरजेचं व्यंगचित्र होतं.

नॅरोगेजचं मात्र उलट आहे. चार-पाच बुटके डबे, एक लूप (मुख्य रुळातून फुटून पुन्हा त्यालाच मिळणारा), एक सायडिंग (डबे उभे करायचा रूळ), एक खोलीचं स्टेशन. दोनशे मीटरमध्ये अख्खं मावतं, काहीही छाटावं लागत नाही. जागा नसलेल्या माणसासाठीच देवाने नॅरोगेज बनवली.

आणि रुळांचा योगायोग बघा. बार्शी लाइटचं (तुमची मिरज-पंढरपूर लाइन याच कंपनीची) गेज अडीच फूट म्हणजे 762 मिलीमीटर. भागिले 87 केलं की 8.76. बाजारात एन गेजचा (एचओहून लहान स्केलच्या मॉडेलांचा) रूळ मिळतो तो 9 मिलीमीटरचा. पाव मिलीमीटरचा फरक, कुणाच्या बापाला कळणार नाही. म्हणजे गाडीखालची यंत्रं, चाकं एन गेजची घ्यायची आणि वरचं धूड, घरं, माणसं सगळी एचओची. रूळ मात्र एन गेजचा सरसकट घेऊ नका, त्याचे स्लीपर फार बारीक आणि दाट असतात, नॅरोगेजसाठी वेगळा रूळ निघतो, पेको कंपनीचा आहे, तो घ्या.

अडाणी_अभियंता
खटपट्या, तुम्ही ब्रॉडगेज करता म्हणालात ना? कुठल्या रुळावर?

खटपट्या
16.5 मिलीमीटरवर. आलं लक्षात कुठे चाललात ते.

अडाणी_अभियंता
मग ते ब्रॉडगेज नाहीच. 16.5 गुणिले 87 म्हणजे 1435, ते युरोपातलं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज 1676. एचओमध्ये ते 19.3 मिलीमीटर व्हायला हवं. तुमचं डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिन पावणेतीन मिलीमीटर अरुंद रुळावर उभं आहे, समोरून बघितलं तर पाय जुळवून उभ्या राहिलेल्या हत्तीसारखं दिसत असणार.

खटपट्या
दिसतं. मग काय करू? 19.3 चा रूळ कोण विकतो? स्वतः ठोकायचा, चाकं स्वतः बसवायची, सांधे स्वतः करायचे. एका मित्राने सुरू केलं होतं, चार वर्षांत त्याचा दीड फूट रूळ झालाय. आणि कोथरूडचं मॉडेल रेल्वेचं जोशी म्युझियम आहे ना, 1998 पासून लोक बघायला जातात, तिथेही एचओच आहे, आजवर एकही पोरगं "काका, गेज चुकलंय" म्हणत रडत बाहेर आलेलं नाही.

अडाणी_अभियंता
मी आलो होतो बाहेर. रडलो नाही एवढंच.

बोरिवली_स्लो
😂😂

स्टुटगार्टची_सून
फलाटावरचा दादा, मस्त विषय. मी स्टुटगार्टला असते, मॉडेल रेल्वे बनवणाऱ्या मार्कलिन कंपनीचं गाव गोपिंगन इथून जवळच. सासरे (जर्मन आहेत) तळघरात 30 वर्षं एकच डोंगर रंगवतायत. इथे हा छंद म्हाताऱ्यांचा समजतात, त्यामुळे बावन्न म्हणजे तुम्ही अजून उमेदवारीत आहात.

हॅम्बुर्गचं मिनिएटुअर वुंडरलांड (मॉडेल रेल्वेचं भलं मोठं प्रदर्शन) बघितलं तेव्हा मलाही वेड लागलं होतं. 2001 ला उघडलं ते, तेही एचओ, अख्खे देशच्या देश मांडलेत, दर पंधरा मिनिटांनी तिथे रात्र होते आणि लाखो दिवे लागतात. पण घरी आल्यावर मला आठवत काय राहिलं तर एका कोपऱ्यात एक बाई खिडकीत चादर झटकतेय. ती बोटाच्या पेराहून लहान असेल. म्हणून माझं मत छोट्या स्टेशनला. त्या एका बाकावर बसलेल्या मामाला बघायला लोक वाकले पाहिजेत.

माणसांचं आधीच सांगते. इथे मिळणारी प्रायझर कंपनीची माणसं सगळी कोट-हॅटवाली नाहीतर स्कीइंग करणारी. 1:87 ला माणूस जेमतेम दोन सेंटिमीटर. मी एका मैत्रिणीसाठी गणपतीची मिरवणूक करून दिली होती तेव्हा हॅटचे काठ ब्लेडने तासून पांढरा रंग दिला की गांधी टोपी झाली. नऊवारीला टिश्यू पेपर, एकच पदर वेगळा करून, फेविकॉल पाण्यात पातळ करून ब्रशने चिकटवायचा, ओलं असतानाच सुईच्या मागच्या टोकाने कासोट्याची घडी पाडायची. वाळलं की दगड होतं. एका बाईला पाऊण तास लागतो. फेटा सगळ्यात सोपा, शिवणाचा दोरा तीन वेढे.

मिरजकर
ताई दंडवत घ्या _/\_ कासोट्याला सुई!

ढालगावचा_ढाण्या
आयला आमच्या गावचा धागा! फलाटावरचा दादा, मामाचं आडनाव काय? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बरं एक सांगायचं होतं, तुम्ही म्हणता तसा कडुनिंब स्टेशनात नव्हता. चिंच होती. कडुनिंब शाळेपाशी. चिंचेखाली आम्ही पोरं गाभुळलेल्या चिंचा वेचायचो म्हणून शंभर टक्के लक्षात आहे. आणि बाक मला तरी आठवत नाही.

फलाटावरचा
अहो कसं शक्य आहे, निंबोळ्या पायाखाली चिरडलेल्या, त्याचा वास... आईलाच विचारतो थांबा.

लातूरची_लेक
सगळं वाचलं. छान आहे. पण जरा विरजण टाकते, रागवू नका.

या नॅरोगेजच्या आठवणी काढणारे बहुतेक लोक मे महिन्यात आजोळी जाणारे असतात असं माझं निरीक्षण आहे. आम्ही बारा महिने त्याच कंपनीच्या लाइनच्या दुसऱ्या टोकाला राहायचो. माझे वडील लातूरहून कुर्डुवाडीपर्यंत नॅरोगेजने आणि तिथे गाडी बदलून पुढे मुंबईला जायचे, व्यापाराच्या कामाला. अख्खा दिवस त्यातच जायचा. माल असेल तर कुर्डुवाडीला एका गाडीतून काढून दुसरीत भरायचा, त्यात पोती फुटायची, हमाली दोनदा. आजी आजारी पडली तेव्हा तिला त्या गाडीने न्यायचा विचारसुद्धा कुणी केला नाही. गोड वगैरे काही नव्हती ती गाडी, हळू होती.

आणि 2016 चा दुष्काळ आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिली दहा वाघिणींची, पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींची, एका खेपेला पंचवीस लाख. 12 एप्रिलला पहिली आली तेव्हा पहाटे लोक रुळाच्या कडेला उभे होते, मीही होते, आम्ही त्या टँकरांकडे पालखीकडे बघावं तसं बघत होतो. ती गाडी कुठून आली? पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. म्हणजे तुमच्या याच रस्त्याने, फक्त रूळ रुंद झालेला म्हणून. नॅरोगेज राहिली असती तर मिरजेचं पाणी मिरजेतच राहिलं असतं.

स्टेशन जरूर करा, सुंदरच होईल. फक्त "ते दिवस किती छान" असं लिहिलेली पाटी लावू नका त्यावर.

मिरजकर
लेकी, पटलं. त्या वाघिणी आमच्या हैदरखान विहिरीच्या पाण्याने भरल्या जायच्या, मी रोज बघायला जायचो. तेव्हा एकदाही मनात आलं नाही की हीच ती पंढरपूरची लाइन. तुम्ही म्हणालात आणि आता चमकलं.

बोरिवली_स्लो
+1 लातूरची_लेक. शिवाय नॅरोगेजचा धागा म्हटलं की आता कुणीतरी येऊन सांगणार की आमचे काका चालत्या गाडीतून उतरून, शेतातल्या शेंगा उपटून परत त्याच गाडीत चढायचे.

शकुंतलाप्रेमी
आमचे काका यवतमाळ-मूर्तिजापूर लाइनवर खरंच उतरायचे हो, पण...

बोरिवली_स्लो
आले!

शकुंतलाप्रेमी
ऐकून तर घ्या. उतरायचे, पण परत चढता आलं नाही एकदा. दारव्ह्याच्या अलीकडे राहिले, दुसऱ्या दिवशी घरी. तेव्हापासून हा किस्सा आमच्या घरात कुणी सांगत नाही.

अवांतर: आमच्या शकुंतलेचं (याच यवतमाळ-मूर्तिजापूर गाडीचं) वाफेचं इंजिन 1921 सालचं, मँचेस्टरचं, 1994 पर्यंत चालत होतं. सत्तरच्या वर वर्षं. माझा मिक्सर दर तीन वर्षांनी जातो. गेजही तेच, अडीच फूट, त्यामुळे फलाटावरचा यांनी डबे केले की मला मापं पाठवावीत, मी पण एक मूर्तिजापूर करेन म्हणतो.

खटपट्या
विषयावर येऊ या का? इंजिनाचं सांगतो कारण तिथेच सगळे अडकतात. बार्शी लाइटचं इंजिन तयार मिळत नाही. पण एक चोरवाट आहे. ही लाइन काढणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप, त्याने 1897 ला बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली. त्याचं म्हणणं होतं की इंजिन काय, डबा काय, वाघीण काय, कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे हलका रूळ पुरतो आणि लाइन स्वस्तात होते. गाड्या इकडे पाठवायच्या आधी त्याने इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून लोकांना चालवून दाखवल्या होत्या. पुढे त्यानेच स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची याच गेजची छोटी लाइन केली, 1904 ते 1934 एवढीच चालली, आणि तिची इंजिनं म्हणजे आपल्या बार्शीच्या इंजिनांची चुलत भावंडं, समोर तो भला मोठा दिवासुद्धा आपल्याकडच्यासारखा. आता गंमत अशी की इंग्रजांना आपल्या बंद पडलेल्या लाइनींचं भारी प्रेम, त्यामुळे त्या इंजिनाचे किट निघालेले आहेत. फक्त ते 1:76 चे असतात, एचओपेक्षा जरा मोठे. 9 मिलीमीटरच्या रुळावर तेही चालतात.

म्हणून माझा सल्ला, सगळंच 1:76 मध्ये करा. रूळ तोच, इंजिन मिळेल, माणसं जरा मोठी त्यामुळे ताईंना कासोटा पाडायला सोपं.

अडाणी_अभियंता
1:76 ला 762 म्हणजे बरोब्बर 10 मिलीमीटर. तुमचा रूळ 9 चा. पुन्हा एक मिलीमीटर अरुंद.

खटपट्या
तुम्हाला दुसरं काही काम नाही का हो?

अडाणी_अभियंता
निवृत्त आहे.

माथेरानवाली
कॅलथ्रॉप वाचून उडालेच! आमच्या माथेरानच्या गाडीची पहिली इंजिनं त्याच्याच डिझाइनची, जर्मनीत ओरेनस्टाइन-कोप्पेलकडे बनवलेली. ती लाइन मात्र दोन फुटी, 1907 ची. आणि याच माणसाने नंतर विमानातून उडी मारायची पॅराशूट केली, "गार्डियन एंजल" नावाची. म्हणजे बार्शी, माथेरान आणि पॅराशूट. कसलं डोकं असेल.

बोरिवली_स्लो
शकुंतलाप्रेमींच्या काकांना ती पॅराशूट हवी होती.

माथेरानवाली
😂 आणि बाय द वे, आमच्या डब्यांची दुरुस्ती कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्येच होते. म्हणजे कुर्डुवाडीतून नॅरोगेजची गाडी गेली पण नॅरोगेज गेली नाही.

फलाटावरचा
सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरची_लेक, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली ही बाई शहाणी आहे. पाटी लावणार नाही, शब्द.

प्रगती अशी की फळी आली. प्लायवूड 12 मिलीमीटर, खाली चौकट, सुताराने विचारलं देव्हारा आहे का. इंग्लंडहून रूळ आणि एक चेसिस (इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) मागवली होती ती कस्टममध्ये अडकली. खेळणी म्हणून ड्युटी लावलीय. 2020 ला 20 ची 60 टक्के केली आणि 2023 ला 70, म्हणजे वस्तू जेवढ्याची त्याच्या जवळजवळ पाऊणपट सरकारला. मी तिथे फोनवर सांगत होतो की साहेब हे खेळणं नाही, स्केल मॉडेल आहे. मागून बायको म्हणते खेळणंच आहे. सरकार आणि घर यांचं इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसरी भानगड. आईला विचारलं. ती 81 ची आहे. ती म्हणते झाड होतं, पण कसलं ते तिला आठवत नाही, आणि बाक नव्हताच, मामा कायम उकिडवा बसायचा. मामाला फोन केला, मामा म्हणतो मी कधी स्टेशनात येतच नव्हतो, गाडीवान यायचा. आता बोला! चाळीस वर्षं मी जो बाक आणि जो मामा डोक्यात घेऊन फिरतोय तो आला कुठून?

आणि हे मॉडेलमुळेच निघालं. नुसतं आठवायचं असतं तर झाड कुठेही असलं तरी चालतं हो. पण इथे ड्रिल मशीन हातात घेऊन भोक कुठे पाडू हे ठरवावं लागतं ना.

ढालगावचा_ढाण्या
चिंच. मी सांगितलं होतं.

स्टुटगार्टची_सून
दादा, इथले लोक याला एक उपाय करतात. स्टेशनला खरं नावच देत नाहीत. "या लाइनवर असू शकलं असतं असं" एक गाव बनवतात, मग कडुनिंबही तुमचा आणि बाकही तुमचा. सासऱ्यांच्या डोंगराला पण नाव नाहीये.

मिरजकर
नको हो, खोटं नाव कशाला. खरं स्टेशन गेलं ते गेलं, आता त्याचं नाव पण काढून टाकायचं का?

लातूरची_लेक
मला तर ताईंचं पटतंय. खोटं नाव दिलं की निदान कबूल तरी केल्यासारखं होतं.

गेटमन_रिटायर्ड
नमस्कार. मी नॅरोगेजवर नव्हतो पण 34 वर्षं रेल्वेत काढली. आपण सगळे आठवणीवर भांडताय. कुठला तरी जुना फोटो शोधा ज्यात रूळ दिसतोय. कुणाच्या लग्नाचा, शाळेच्या सहलीचा, कसलाही. दोन रुळांमधलं अंतर 762 मिलीमीटर, हे देवसुद्धा बदलू शकत नाही. फोटोत ते किती मिलीमीटर येतं ते मोजा, मग त्याच रेषेत, तेवढ्याच लांबीवर असलेली भिंत, दार, खांब, सगळ्याची उंची काढता येते. लांबच्या वस्तू लहान दिसतात तेव्हा रूळ जिथे त्या वस्तूच्या जवळून जातो तिथलं माप घ्यायचं. स्टेशनच्या इमारतीजवळ बहुतेक लूप असतोच. आम्ही गेटची खोली पडली तेव्हा असंच करून जुनं माप काढलं होतं.

अडाणी_अभियंता
हा या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद आहे. साहेब, नमस्कार.

खटपट्या
वाखू (वाचनखूण) साठवली. अभियंता कुणाला तरी सर्वोत्तम म्हणाले हीसुद्धा.

फलाटावरचा
गेटमन साहेब, काय बोलू! तीन आठवडे लागले, पण सापडला. मामेबहिणीकडे एक अल्बम, त्यात 1983 चं वऱ्हाड गाडीतून उतरतानाचा फोटो. काळापांढरा, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. नवरदेवाच्या काकांनी अर्धं स्टेशन झाकलंय पण समोर रूळ स्वच्छ दिसतोय. पट्टी लावून बसलो. खोलीचं दार सव्वासहा फूट निघालं, भिंत साडेनऊ. माझ्या डोक्यात ती इमारत दुमजली नसली तरी चांगली उंच होती. माझी उंची तेव्हा केवढीशी असेल हे लक्षातच घेतलं नव्हतं.

स्केलचं ठरवलं, 1:87. अभियंत्यांना पाव मिलीमीटर माफ आहे असं गृहीत धरतो. एकच इंजिन असल्यामुळे डीसीसी (प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची डिजिटल पद्धत) वगैरे नाही, साधा 12 व्होल्टचा कंट्रोलर. उजवीकडचे अडीच फूट पुठ्ठ्याच्या पडद्यामागे ठेवलेत, गाडी तिथे जाऊन थांबते आणि मी तिला हाताने उचलून उलटी करतो, म्हणजे ती पंढरपूरला जाऊन आली असं समजायचं. जमिनीला वापरलेली चहा पावडर वाळवून, चाळून, फेविकॉलवर पसरली (खटपट्यांची टीप). रंग तिकडच्या मातीपेक्षा काळा येतोय, त्यात विटेची पूड मिसळून बघतोय. मुंग्या लागल्या होत्या, साखरेच्या चहाची पावडर घेऊ नये हे लिहायला खटपट्या विसरले.

खटपट्या
तुम्ही चहा उकळताना साखर घालता हे मला काय माहीत!

माथेरानवाली
फोटो! फोटो! आता तर भिंत पण नाही, मॉडेल आहे.

ढालगावचा_ढाण्या
झाडाचं काय निघालं पण? फोटोत आहे का चिंच?

फलाटावरचा
आहे ना झाड. काकांच्या फेट्याच्या मागे, फलाटाच्या टोकाला. भिंगातून बघितलं, मामेबहिणीला दाखवलं, आईलाही. कडुनिंब नाही. चिंचही नाही. बाभूळ आहे, चांगली पसरलेली, खाली सावली पण धड नाही.

ढालगावचा_ढाण्या
काहीतरीच. मग मी चिंचा कुठे वेचल्या?

फलाटावरचा
तेच मी निंबोळ्यांचं म्हणतोय.

आता तांत्रिक प्रश्न आहे, जाणकारांनी सांगा. बाजारात मिळणारी तयार झाडं सगळी गोल गोल, आंब्यासारखी किंवा तिकडच्या सुचीपर्णी छापाची. बाभळीचा तो विरळ, सपाट, वाकडा आकार कसा आणायचा? आणि काट्यांना काय वापरायचं?

स्टुटगार्टची_सून
खोडाला तांब्याची वायर पिळून, वर भांडी घासायच्या स्क्रबरचा हिरवा चोथा अगदी पातळ ओढून. दाट करू नका, पलीकडचं दिसलं पाहिजे.

अडाणी_अभियंता
काटा खरा दोन इंच धरला तरी 1:87 ला अर्ध्या मिलीमीटरच्या जरा वर. दाढीच्या ब्रशचे केस कापून लावा. जाडी मी मोजून सांगतो.

बोरिवली_स्लो
बायकोला विचारून मग स्क्रबर घ्या.